श्वास कोणाचा?

वडील शिनाणे काढायचे ते दम धरून. सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांवर एका दमात निघतील तेवढे. मी नळीवरचा. होडीत कॉम्प्रेसर, तोंडात रेग्युलेटर, आणि तीन वाव पाण्यात तीन-तीन तास खडकाला अडकलेली जाळी कापायची. वडील म्हणत, "तुजो दम होडयेर रवता, तुज्याकडे नाय."

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचं भांडण आहे. वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष निघून जातात, तरी माणूस जगतो. मग प्राण निघू लागतो आणि उमद्या घोड्याने खुंट्या उपटाव्यात तशी बाकीची सगळी उपटली जातात. कीर्तनात ऐकलेली ही गोष्ट मला कळली ती एका डिसेंबरात.

होडी पुढून-मागून नांगरलेली. सकाळच्या मतलईत इंजिनाचा धूर समुद्राकडे जात होता. दुपारी खारा वारा सुटला. होडी फिरली नाही, धूर मात्र हवा ओढणाऱ्या तोंडाकडे वळला. खाली मला तेलकट वास आला, डोकं जड झालं. पाच मीटरवर हवा दीडपट दाबाची, म्हणजे तिच्यातलं विषही दीडपट. वाटलं, आहे तो श्वास धरावा आणि सुटावं. पण दाबाची हवा छातीत धरून वर आलं तर ती फुगते आणि फुप्फुस फाडते. उथळ पाण्यातही, कारण शेवटच्या वावातच ती सर्वांत झपाट्याने वाढते. वडिलांचा नियम होता, धर. माझा, सोड. मी सोडत सोडत वर आलो. होडीवरून भाचा नळी ओढतच होता.

तेव्हापासून वाटतं, वडिलांचाही श्वास त्यांचा नव्हता. तोही वरूनच उसना आणलेला; त्यांची नळी दिसत नव्हती एवढंच.

आता हवा ओढायचा पाइप काठीवर उंच, वाऱ्याच्या बाजूला असतो. पाठीला राखीव हवेची छोटी बाटली असते. नळी कमरेच्या पट्ट्याला बांधलेली, म्हणजे हिसका दातांना बसत नाही. आणि एकमार्गी झडप, कारण वर नळी तुटली तर खालचा दाब तोंडातली हवा उलटी ओढून नेतो. शेजारचे एक आजोबा विचारतात, "रामेश्वराक गाऱ्हाणा घातलंस, मगे बाटली कित्याक?" प्रश्न मला खरा वाटतो. पण १६६४ साली सिंधुदुर्गासाठी मोरयाच्या धोंड्यावर पूजा झाली आणि कुरटे बेटावर किल्ल्याच्या पायात शिसंही ओतलं गेलं. त्या शिशाने पूजा उणी झाली असं मला वाटत नाही. श्वास ही ठेव असेल तर तिची हेळसांड करणं हाच मला नास्तिकपणा वाटतो.

सकाळी होडीवर मी गाऱ्हाणं घालतो. भाचा "व्हय म्हाराजा" म्हणतो आणि त्याच तोंडाने झडप उलटी फुंकून बघतो.