पुसता येतं म्हणून सांडायचं का?

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या ओमर याघी यांच्या गटानं एक पिवळी पूड जगासमोर ठेवली. नाव कॉफ-९९९. तिच्या सूक्ष्म छिद्रांत बसवलेल्या अमाइन्सना हवेतला कार्बन डायऑक्साइड चिकटतो आणि पूड ६० अंशांपर्यंत तापवली की सुटतो. मग तीच पूड पुन्हा कामाला लागते. संशोधकांच्या हिशेबानं २०० ग्रॅम पूड वर्षाला २० किलो वायू टिपू शकते, म्हणजे एका मोठ्या झाडाइतका.

हे काम सोपं नाही. हवेतल्या दहा हजार रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे असतात जेमतेम चार. पदार्थानं त्यांना ढिलं धरलं तर ते हाती लागत नाहीत. फार घट्ट धरलं तर सोडवायला प्रचंड उष्णता लागते, आणि ती कोळसा जाळून आणली तर सगळंच मुसळ केरात. धरणं आणि सोडणं यांतला हा तोल शोधण्यात लोकांची उमेदीची वर्षं जातात.

आता दुसरा आकडा बघू. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ‘ओर्का’ प्रकल्पातही असेच घन शोषक वापरतात. पकडलेला वायू पाण्यात मिसळून बेसॉल्टमध्ये सोडतात आणि तिथं त्याचा दगड होतो. (आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच.) ओर्काची ठरवलेली क्षमता वर्षाला ४,००० टन. जग इंधनं जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. भागाकार करून पाहा: ओर्काचं वर्षभराचं काम आपण साडेतीन सेकंदांत फस्त करतो.

म्हणून काही जण म्हणतात, हा नादच सोडा. पुसायचं फडकं हाताशी आहे म्हटलं की माणूस बेफिकीर सांडतो. ही भीती खोटी नाही. हवेतून कार्बन पकडण्यात पैसा घालणाऱ्यांमध्ये तेल कंपन्याही आहेत, आणि आपला धंदा पुढेही चालू राहावा, हा हेतू त्या लपवतही नाहीत.

पण फडकं फेकून दिल्यानं सांडलेलं कुठे जातं? उद्या सगळ्या चिमण्या बंद झाल्या तरी गेल्या दोनशे वर्षांत साचलेल्या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं वरच राहील. त्याचा ताप भोगतील ती माणसं, ज्यांनी तो सोडलेलाच नाही. शिवाय सिमेंटच्या भट्टीत इंधन कोणतंही वापरा, चुनखडीतूनच वायू निघतो.

मला वाटतं, प्रश्न पुडीच्या चांगल्या-वाईटाचा नाही. ती कोणाच्या खात्यावर खर्च होते, याचा आहे. जुनी थकबाकी फेडायला किंवा टाळताच येत नाही अशा धुरासाठी वापरली, तर ती परतफेड. विमानाच्या तिकिटासोबत चार पैसे जास्त भरून निश्चिंत होण्यासाठी वापरली, तर तो परवाना. पदार्थ तोच, वायूही तोच, पण नीती वेगळी.

यातून एक साधा नियम निघतो: पकडलेला टन आणि न सोडलेला टन एकाच वहीत मांडू नयेत. देशांनी आणि कंपन्यांनी दोन्हींची उद्दिष्टं वेगळी जाहीर करावीत. म्हणजे एकाच्या आड दुसऱ्याला लपता येणार नाही. रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या वाटचं करताहेत. हिशेब विचारणं मात्र त्यांच्या प्रयोगशाळेत होणारं काम नाही. ते आपलं.