नियमाचे वय

दिवाळीच्या फराळाशेजारी डुकराच्या मांसाची गोष्ट काढली म्हणून एखाद्या गृहिणीने नाक मुरडले, तर मी तिला दोष देणार नाही. मला बोलायचे आहे ते मात्र मांसापेक्षा नियमांविषयी.

डुकराच्या कण्याखाली आतल्या बाजूस एक लांबट स्नायू असतो. अमेरिकेत त्याला टेंडरलॉइन म्हणतात. जनावराच्या हयातीत त्याला फारसे काम पडत नाही, म्हणून तो मऊ राहतो आणि अर्ध्या तासाच्या आत भाजून होतो. कामावरून दमून आलेल्या माणसाच्या रात्रीच्या जेवणाला तो मोठा सोयीचा. परंतु त्यात चरबी थोडी. आच जास्त झाली की तो कोरडा पडतो. तरीही तिकडच्या कित्येक घरांत आतली गुलाबी छटा पार जाईपर्यंत तो भाजीत असत. का? तर आजी तसे करीत असे म्हणून!

आजी काही वेडी नव्हती. 1835 साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवाच्या स्नायूंत एक सूक्ष्म कृमी आढळला. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून तो माणसात शिरतो, हे पुढे कळले. आजीचा कोरडा तुकडा म्हणजे लेकरांभोवती घातलेले कुंपणच होते.

मग डुकरांचे खाणे सुधारले. खरकटे नीट उकळल्यावाचून त्यांना घालू नये, असा कायदा अमेरिकेत 1980 साली झाला. रोग दुर्मीळ झाला. 2011 साली तेथील कृषी खात्याने अखंड तुकड्याला 71 ऐवजी 63 अंश सेल्सिअस पुरेसे ठरविले. आचेवरून काढल्यावर तीन मिनिटे थांबायचे, एवढेच. खिम्याला मात्र 71 अंश कायम राहिले.

आता 63 अंशांवर थांबणारी नात आजीचा अपमान करते काय? मला तसे वाटत नाही. आजीने दिली ती काळजी. 71 अंश हे त्या काळजीचे त्या काळचे माप. पण नातीने तापमापक न लावताच मांस उतरविले, तर तिने माप नव्हे, काळजीच टाकली. जुना नियम सोडण्याचा अधिकार, त्यामागची जबाबदारी जो उचलतो, त्यालाच.

वर्गात एखादा मुलगा "गुरुजी, असे का?" म्हणून विचारतो, तेव्हा मला तो उद्धट वाटत नाही. उत्तर ऐकण्याआधीच जो उठून जातो, त्याची मात्र चिंता वाटते. या दिवाळीत घरोघरी आज्या आणि नाती एका पंक्तीला बसतील. नातीने "का?" विचारावे, आजीने रागावू नये, आणि आजी सांगू लागली की नातीने तीन मिनिटे थांबावे.