मतांची मोजपट्टी

हल्लीं सुशिक्षित घरांतील तरुण मंडळी मोबाईलवर एक प्रश्नावली सोडवितात. एकामागून एक विधानें समोर येतात. प्रत्येकाखालीं 'सहमत' वा 'असहमत' असें उत्तर द्यावयाचें, आणि शेवटीं आपण डावे कीं उजवे, स्वातंत्र्यवादी कीं सत्तावादी, हें चौकटींतील एका ठिपक्यानें कळतें. 2001 सालीं निघालेली 'पॉलिटिकल कंपास' ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. करमणूक म्हणून आमची तक्रार नाहीं. परंतु हा ठिपका स्वतःची ओळख म्हणून सांगितला जाऊं लागला, कीं त्या मापाचीही थोडी परीक्षा झाली पाहिजे.

डावे-उजवे हा भेद मुळांत 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेंतील बसण्याच्या जागांवरून पडला. त्या बाकांवर स्वामी रामानंद तीर्थांना कोठें बसवावें? संन्यासाश्रम, पूर्वायुष्यांत कामगार चळवळीचें काम, 1938 मध्यें हैदराबाद संस्थानांत सत्याग्रह करून कारावास. आणि त्यांच्याच स्टेट काँग्रेसची 1947-48 मधील सरहद्दीवरील शिबिरें मात्र सशस्त्र! नांदेडचें विद्यापीठ ज्यांचें नांव धारण करितें, त्यांच्या उत्तरांची बेरीज-वजाबाकी होऊन ठिपका कदाचित् मध्यावर, म्हणजे कांहींच ठाम मत नसलेल्या गृहस्थाशेजारीं पडेल. सरासरीचा हा मोठाच विनोद आहे.

दुसरें वैगुण्य अधिक खोल. जानेवारी 1948 मध्यें नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनीं लढ्याच्या खर्चासाठीं बँक लुटली. 'लूट केव्हांही समर्थनीय नाहीं' या विधानाशीं त्यांपैकीं अनेकांनीं एरव्हीं निःशंकपणें सहमती दिली असती, असें आम्हांस वाटतें. यांत ढोंग नव्हे. लूट कोणाची, कशासाठीं, दुसरा मार्ग उरला होता काय, हें विधान सांगतच नाहीं. आणि नीतीचा सारा विचार तर तेथून सुरू होतो.

लातूरकरांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. 2016 च्या उन्हाळ्यांत तेथें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याआधीं पाण्याच्या टाक्यांभोवतीं जमावबंदीचा हुकूम निघाला होता. 'शेतकऱ्यानें काय पिकवावें हें सरकारनें ठरवूं नये' हें विधान अशा वेळीं घागर घेऊन रांगेंत उभ्या असलेल्या बाईपुढें ठेवून पाहावें. उसाला जाणारें पाणी तिला दिसतें. पण ऊस लावणारा तिचाच भाऊ असूं शकतो. ती घुटमळेल. 'पॉलिटिकल कंपास'मध्यें 'ठरवितां येत नाहीं' हें उत्तरच ठेविलेलें नाहीं.