न केलेल्या कर्माचं बक्षीस

१९८३ साली अमेरिकेतल्या लिंचबर्गमध्ये अठरा वर्षांच्या ड्वाइट गुडनने १९१ इनिंग्जमध्ये ३०० फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. १९ सामने जिंकले, ४ हरले. ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाने त्याला मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्तरांचा, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. आकडे पाहता वादाला जागाच नव्हती.

इतका सोपा निकाल क्वचितच लागतो. १९८१पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराच्या निवडीत दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. यंदा सर्वांत चांगलं कोण खेळलं, आणि उद्या मेजर लीगमध्ये कोण गाजणार? होतकरूंच्या याद्या दुसऱ्या प्रश्नासाठी असतातच. तरीही पुरस्काराच्या वेळी तो प्रश्न मागच्या दाराने आत येतो.

कर्मफळाची चर्चा करताना आपल्याकडच्या दार्शनिकांनी दोन दोष नोंदवून ठेवले आहेत: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेल्या कर्माचं फळ वाया जाणं हा पहिला, न केलेल्या कर्माचं फळ पदरात पडणं हा दुसरा. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर हेच आक्षेप घेतले. करणारा त्याच क्षणी नाहीसा होत असेल, तर फळ भोगतो तो कोण? बेसबॉलच्या निवडसमितीसाठी यापेक्षा नेमकी कसोटी शोधूनही सापडणार नाही. उद्याच्या भरवशावर आज बक्षीस दिलं तर अकृताभ्यागम. वय उलटलं म्हणून आजची कामगिरी बाजूला सारली तर कृतनाश.

न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलचा जो बाउमन घ्या. १९५४च्या हंगामात त्याने ७२ होमरन मारले. व्यावसायिक बेसबॉलमधला हा विक्रम थेट २००१ साली बॅरी बाँड्सने मोडला. बाउमनची फलंदाजीची सरासरी .४००. पण तो ३२ वर्षांचा होता, लीग ‘क’ दर्जाची होती आणि पोटापाण्यासाठी तो पेट्रोल पंप चालवत असे. मेजर लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. तेव्हा हा पुरस्कार नव्हता. असता, तर समितीने त्याचं काय केलं असतं?

इथे वयाचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण वय दोन वेगवेगळ्या कारणांनी मोजता येतं. विशीच्या आतला पोरगा पुढे आणखी सुधारेल म्हणून त्याला झुकतं माप देणं ही भविष्यवाणी झाली. पण आपल्याहून मोठ्या, मुरलेल्या प्रतिस्पर्ध्यांसमोर तो हे करून दाखवतो, म्हणून त्याचं काम अधिक अवघड होतं, हे आजच्या कर्माचंच मोजमाप आहे. २०१७मध्ये १९ वर्षांचा रोनाल्ड अकुन्या एकाच हंगामात तीन पायऱ्या चढला आणि त्याची सरासरी .२८७, .३२६, .३४४ अशी वाढत गेली. त्याला पुरस्कार मिळाला तो योग्यच. पुढे तो तारा झाला नसता तरीही योग्यच. याच न्यायाने बाउमनचे काही गुण कापले जातील, पण ते लीगच्या दर्जामुळे. तो म्हातारा होत चालला होता, म्हणून नव्हे.

रिक अँकिएलकडे पाहिलं की हा फरक किती महागाचा आहे ते कळतं. पिचर म्हणून १९९९चा पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी प्लेऑफच्या एका इनिंगमध्ये त्याच्या हातून पाच वाइल्ड पिच, म्हणजे झेलणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे चेंडू, गेले, आणि नेमकेपणा पुन्हा पूर्वीसारखा आला नाही. २००७ साली तो मेजर लीगमध्ये परतला तो आउटफिल्डर म्हणून, आणि परतलेल्या दिवशीच त्याने होमरन मारला. मग १९९९चा निर्णय चुकला होता का?

तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांच्या मते पात्रतेचा आधार माणसाच्या आजवरच्या कृतीत आणि गुणांत असावा लागतो. त्यांच्या हिशेबात निर्णय अबाधित राहतो. डेव्हिड श्मिट्झ मात्र म्हणतात की मिळालेल्या संधीचं सोनं करूनही माणूस मागाहून तिला पात्र ठरू शकतो. संघाने तरुण खेळाडूला वरच्या लीगमध्ये बढती देताना हे म्हणणं चपखल बसतं. बढती ही संधी आहे. पुरस्कार ही संधी नाही, ती पोचपावती आहे. तिथे श्मिट्झना आत घेतलं की अँकिएलचा करंडक दरवर्षी पुन्हा तपासावा लागेल.

वय उलटल्यावरही अशी पोचपावती मिळू शकते. माइक हेसमनने ऑगस्ट २०१५मध्ये मायनर लीगमधला ४३३वा होमरन मारला आणि अमेरिकेतल्या मायनर लीगचा जुना विक्रम मागे टाकला. मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर १४च होमरन आहेत. होतकरूंच्या यादीतून तो केव्हाच बाहेर पडला होता. तरी २००७मध्ये, २९व्या वर्षी, इंटरनॅशनल लीगने त्याला हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरवलं होतं.