आवाज अडलाय कुठे?

खुर्ची जरा मागे घ्या. माउस सोडून द्या, हात मांडीवर ठेवा. समोर डेस्कटॉप चालू आहे, पडद्यावर गाणाऱ्याचे ओठ हलताहेत आणि आवाजाचा पत्ता नाही. एव्हाना तुम्ही चार ठिकाणी क्लिक करून, दोन वायरी ओढून, एकदा सीपीयूच्या डब्यावर थापही मारून पाहिली असेल. ते झालं. आता थोडा वेळ काहीच करू नका. ऐका.

डब्यातल्या पंख्याची घरघर येईल. साताऱ्यात असाल आणि आषाढ असेल तर पन्हाळीचं पाणी ऐकू येईल, सांगलीत असाल तर रस्त्यावरची वर्दळ. त्या सगळ्याच्या खाली स्पीकरकडून काही येतंय का? कान त्याच्याजवळ न्या आणि आवाजाचं बटण सावकाश पुढे फिरवा. बारीकशी सूंऽऽ ऐकू आली तर स्पीकरमध्ये वीज खेळते आहे. त्याला वाजवायला काही मिळालेलं नाही, एवढंच. सूंऽऽ नसेल तर त्याचा दिवा लागलाय का, प्लग बोर्डात नीट बसलाय का ते बघा, कारण काही स्पीकर चांगले असूनही अगदी मुके बसतात. मग बटण पुन्हा खाली आणा, नाहीतर आवाज आला की घर दचकेल.

आता दुसरा प्रश्न, आणि तो मनात थोडा घोळू द्या: ही शांतता कुणी मुद्दाम केली आहे का?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. घरोघरचे टीव्ही बंद होतात, मोबाइल बाजूला पडतात, मुलं वह्या उघडतात. दीड तासाने दुसरा भोंगा होतो आणि सगळं पुन्हा सुरू. त्या दीड तासात कुणी टीव्ही दुरुस्त करायला माणूस बोलावत नाही. आवाज कुणी बंद केला आणि का, हे गावाला ठाऊक असतं.

आपल्या संगणकावर मात्र असा भोंगा होत नाही. कीबोर्डवरच्या म्यूटच्या बटणाला पुस्तकाचा कोपरा लागतो. ब्राउझरचा एखादा टॅब कधीतरी गप्प केलेला असतो. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये एकाच प्रोग्रॅमची पट्टी तळाला गेलेली असते, म्हणून गाणी वाजतात आणि ऑनलाइन तासातल्या बाईंचा आवाज तेवढा येत नाही. घरात विचारा, रागावून नको. धाकट्याने हेडफोन लावले होते का? पाहुण्यांसमोर कुणी आवाज बंद केला होता का?

कुणीच काही केलं नसेल तर डोळे मिटा आणि आवाजाची वाट मनात आखा. गाणं प्रोग्रॅममधून आकड्यांच्या रूपात निघतं, विंडोजकडे येतं. विंडोज ते कुठल्या दाराने बाहेर सोडायचं ते ठरवतं. ड्रायव्हर ते साउंडच्या चिपला समजेल असं करून देतो, चिप त्या आकड्यांचा विजेचा चढउतार करते, तो वायरीतून स्पीकरच्या पडद्यापर्यंत जातो आणि तिथे हवा हलते.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला ही वाट वेगळी समजवायला नको. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांत नेतात. टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी आलं नाही तर तो कृष्णा आटली असं म्हणत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालू लागतो. कुठवर पाणी आहे आणि कुठून नाही, एवढंच बघत जातो. पुष्कळदा पाणी आलेलंच असतं. मधे कुणाच्या तरी वावराकडे वळलेलं असतं.

तसं चालत जाण्याची सोय विंडोजमध्ये आहे, आणि ती फार कमी जण वापरतात. गाणं चालू ठेवा. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये प्लेबॅकचं पान उघडा. आवाज बाहेर जाऊ शकेल अशी सगळी दारं तिथे ओळीने दिसतात आणि प्रत्येकापुढे एक उभी पट्टी असते. आवाज ज्या दाराने जातो आहे तिथली पट्टी हिरवी होऊन खालीवर नाचते. तिच्याकडे निवांत बघत बसा. स्पीकरपुढची पट्टी नाचत असेल तर विंडोजने आपलं काम केलं आहे. दोष बहुधा पिन, वायर नाहीतर स्पीकरकडे. एकही पट्टी हलत नसेल तर अडचण वरच्या अंगाला आहे. आणि मॉनिटरच्या नावापुढची पट्टी नाचत असेल तर पाणी दुसऱ्याच्या वावरात चाललंय. नवा मॉनिटर एचडीएमआयच्या केबलने जोडला की संगणक कधीकधी आवाजही त्याच केबलने पाठवू लागतो, मग त्या मॉनिटरमध्ये स्पीकर असोत वा नसोत. पडद्याच्या तळाशी टास्कबारवर असलेल्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून दार बदलायचं. दुकानात डबा उचलून नेलेल्या कितीतरी संगणकांचं दुखणं इतकंच असावं, असा माझा कयास आहे.

दुखणं वायरीकडे दिसलं तर डब्याच्या मागे वाका. रंग बघा: फिकट हिरवं भोक स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून येणाऱ्या आवाजाचं. अंधारात, अंदाजाने खुपसलेली पिन गुलाबीत बसलेली सापडते. हिरव्यातच असेल तर ती काढून फिरवून पुन्हा बसवा. दमट हवेत पिन काळवंडते. मग स्पीकर चालू ठेवून, आवाज कमी करून, पिन पूर्ण बाहेर काढा आणि तिच्या टोकाला बोट लावा. घूंऽऽ झालं की वायर आणि स्पीकर ठीक. तीच पिन मोबाइलला लावून पाहिली तर खात्रीच होते.

इथे थोडं थांबू. घाई पुन्हा अंगात येण्याची ही जागा आहे.

मिरजेत तंबोरे बनतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेचा नाद खुलवणारा, कारागीर घोडीचा माथा किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो. पुन्हा किंचित घासतो. तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि परत ऐकतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नाद कशाने खुलला हे त्यालाच कळणार नाही. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा सुरांचा काटेकोर माणूस ज्या गावात राहिला, तिथे हा धीर मुरलेला असणारच.

म्हणून तुम्हीही एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ऐका. चाचणीसाठी तंबोऱ्याचंच ध्वनिमुद्रण लावा. सिनेमातल्या संवादांत मधेमधे शांतता असते, आवाज आला की नाही याचा पत्ता लागत नाही. तंबोरा अखंड वाजतो. आला की लगेच कळतो, एका बाजूनेच येत असेल तर तेही कळतं.

उरलेलं भराभर सांगतो, कारण त्यात मनन करण्यासारखं फारसं नाही. संगणक एकदा रीस्टार्ट करा. सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज ऑडिओ बंद पडलं असेल तर सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल किंवा अपडेटनंतरच आवाज गेला असेल, तर ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्या; ते जमत नसेल तर अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा चालू करा, विंडोज बहुधा स्वतःच तो परत बसवतं. एवढ्यावर कुणी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणालं तर आधी हिरवी पट्टी कुठे नाचते ते त्याला विचारा. उत्तर आलं नाही तर डबा उचलून घरी आणा.

एका बाबतीत मात्र सगळं मनन गुंडाळून ठेवायचं. 2019 च्या महापुरात सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरलं होतं. असं पाणी डब्यात गेलं असेल तर आवाज आहे का हे बघायलासुद्धा तो चालू करू नका. प्लग काढा आणि जाणकाराकडे द्या.

आणि आवाज आला, की लगेच गाण्यात रमू नका. कशाने आला ते एका चिठ्ठीवर तारखेसह लिहा, ती डब्यावर चिकटवा आणि वाटेत उगाच बदललेल्या बाकीच्या सेटिंग्ज होत्या तशा करून ठेवा.