सात माणसांचें काम

(आधार: प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ६, ओवी १ ते ७)



आपल्यापैकीं ज्यांनीं आपल्या ग्रामपंचायतीची मासिक सभा एकदां तरी पाहिली आहे, त्यांस ती कशी चालते हें ठाऊकच आहे. कचेरींत एक लांब मेज असतें, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, आणि मेजावर प्रोसिडिंगची वही उघडी असते. ग्रामसेवक, ज्यांस आतां ग्रामपंचायत अधिकारी असें म्हणतात, ते मागील सभेचें इतिवृत्त वाचतात व तें कायम होतें. मग महिन्याचा जमाखर्च पुढें येतो. मग अर्ज निघतात: कोणास घराची नोंद आपल्या नांवें करून पाहिजे, कोणाच्या दारांतील गटार तुंबलें आहे, कोणाच्या आळींतील दिवा पंधरा दिवस लागलेला नाहीं. टाकींत घालावयाची ब्लिचिंग पावडर संपत आली आहे, ती आणावयाची आहे. घरपट्टी व पाणीपट्टी कोणाकडे थकली, ती यादी वाचली जाते. चहा येतो, सह्या होतात, आणि मंडळी उठून जातात.

हें पाहून आपल्यांतील पुष्कळ जण म्हणतात, "गटारें व दिवे ह्यांचा आणि आत्म्याच्या तारणाचा संबंध काय? आपण उपासना करावी, प्रार्थना करावी; पंचायत ज्यांची आहे त्यांनीं ती चालवावी." हें बोलणें मोठ्या भक्तीचें दिसतें. परंतु तें शास्त्राच्या कसोटीस उतरतें कीं नाहीं, हें आज आपण पाहूं.

यरुशलेमांतील पहिली मंडळी मनांत आणा. पवित्र आत्मा तिच्यावर नुकताच उतरला होता. एका दिवसांत सुमारें तीन हजार माणसें तिला मिळालीं होतीं. अशा मंडळींत जी कुरकुर उत्पन्न झाली, ती कोणत्याही गूढ सिद्धांताविषयीं नव्हती. ती रोजच्या भाकरीच्या वांटणीविषयीं होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा त्या वांटणींत राहून जात असत. कोणीं त्यांस मुद्दाम उपाशी ठेविलें, असें शास्त्र म्हणत नाहीं. त्या केवळ राहून गेल्या. वांटणारांची भाषा निराळी, त्यांच्या ओळखीचीं घरें निराळीं. आणि ज्यांच्या वतीनें बोलणारें कोणी नव्हतें, त्यांचीं नांवें प्रथम गळलीं. बंधूंनो, जगांतील पुष्कळ अन्याय असाच होतो. त्यास शत्रु लागत नाहीं. यादी करणाराचें दुर्लक्ष पुरतें.

आतां बारा प्रेषितांनीं काय केलें तें पाहा. त्यांनीं कुरकुर करणारांस दटावून गप्प बसविलें नाहीं. "ह्या ऐहिक गोष्टी आहेत, त्या सोडून द्या," असेंही ते म्हणाले नाहींत. त्यांनीं सर्व शिष्यांस एकत्र बोलाविलें, गोष्ट उघडपणें त्यांच्यापुढें ठेविली, आणि त्यांनींच आपल्यांतून सात माणसें निवडावीं असें सांगितलें. त्या सातांविषयीं अट काय घातली? लोकांत त्यांचें नांव चांगलें असावें, आणि ते आत्म्यानें व शहाणपणानें भरलेले असावे. भाकरी वांटण्यास आत्म्यानें भरलेला मनुष्य पाहिजे! मग त्या सातांवर हात ठेवून प्रार्थना झाली. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या: त्या सातांचीं नांवें सर्व ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा राहून गेल्या होत्या, त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हातीं सर्वांची वांटणी दिली गेली, असें त्यावरून दिसतें.

आपल्या राज्याच्या पंचायतीच्या कायद्यांतही लहानांत लहान पंचायतीचे सदस्य सातांहून कमी नसावे व मोठींत मोठीचे सतरांहून अधिक नसावे, असें ठरविलें आहे. हा योगायोग आहे. त्यांतून आम्ही कांहीं गूढ अर्थ काढीत नाहीं. परंतु दोन्हीकडच्या सातांचें काम एकच आहे. जें सर्वांचें आहे तें सर्वांस पोंचावें, आणि कोणी राहून जाऊं नये, हेंच तें काम.

राहून जाणें म्हणजे काय, हें आपल्या लोकांस दुसऱ्यानें सांगावयास नको. आपल्या पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं वेसकरकी केली. गांवाची सभा भरावयाची झाली म्हणजे घरोघर वर्दी तेच देत. परंतु चावडींत सभा भरली म्हणजे ते पायरीखालीं उभे राहत. वर्दी देणारास सभेंत जागा नव्हती. पुढें १९५८ सालच्या एका कायद्यानें तें कनिष्ठ वतन व त्याबरोबरची वेठ गेली. आणि त्याच १९५८ सालच्या दुसऱ्या कायद्यानें आजची ग्रामपंचायत उभी राहिली. घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली, तेव्हांपासून मागासलेल्या जातिजमातींच्या व स्त्रियांच्या जागा पंचायतींत राखून ठेवणें सर्व देशांत बंधनकारक झालें. जी पायरी आपल्या वडिलांस चढूं दिली नाहीं, ती आज आपणांस मोकळी आहे. ती मोकळी असतां आपण घरीं बसलों, तर दोष कोणाचा?

ह्याविषयीं तीन गोष्टी आम्ही आपल्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट, हजर राहण्याची. ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरली पाहिजे. एकंदर मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० मतदार, ह्यांपैकीं जी संख्या कमी असेल, तितके हजर असले म्हणजे ती पूर्ण होते. ती पूर्ण न झाल्यास सभा तहकूब होते; आणि तहकूब सभेस मग संख्येची अट राहत नाहीं. ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. आपण आलों नाहीं म्हणून काम थांबत नाहीं. तें आपल्यावांचून होतें. पांचदहा माणसें बसतात, आणि सर्व गांवानें ठरविलें असें वहींत लिहिलें जातें. आपले लोक म्हणतात, "एका दिवसाची मजुरी बुडते, आणि आपलें ऐकतो कोण?" मजुरी बुडते हें खरें आहे, आणि गरिबाच्या घरीं ती लहान गोष्ट नव्हे. परंतु जो आलाच नाहीं त्याचें न ऐकणें सर्वांत सोपें असतें. ज्या विधवांची कुरकुर कोणीं तोंडाबाहेर काढिली नसती, त्यांची भाकरी पुढेंही राहूनच गेली असती.

दुसरी गोष्ट, सहीची. आमच्या ओळखीच्या एका मंडळींतील वडील गृहस्थ पंचायतीचे सदस्य होते. मनुष्य भला व प्रार्थनाशील. पेरणीचे दिवस होते म्हणून ते सभेस गेले नाहींत. संध्याकाळीं शिपाई वही घेऊन घरीं आला व म्हणाला, "काका, एवढी सही करा, संख्या भरत नाहीं." त्यांनीं न वाचतां सही केली. कांहीं महिन्यांनीं आपल्या वस्तींतील गटाराचें काम कां होत नाहीं, हें विचारावयास वस्तीच्या बाया कचेरींत गेल्या, तेव्हां त्यांस वही दाखविण्यांत आली. तें काम वस्तींतून काढून दुसऱ्या आळीस देण्याचा ठराव त्याच सभेंत झाला होता, आणि त्याखालीं ह्याच गृहस्थांची सही होती. बायांनीं त्यांस विचारलें. "मला ठाऊक नव्हतें," असें ते म्हणाले, आणि तें खरेंही होतें. परंतु "मी तेथें होतों व मला हें मान्य आहे," असें त्यांच्या सहीनें लिहून दिलें होतें. त्या पावसाळ्यांत वस्तीच्या दारांत सांडपाणी तुंबून राहिलें. पुढील प्रभुभोजनाच्या आधीं ते मंडळींत उभे राहिले आणि रडत म्हणाले, "मीं लांच घेतला नाहीं, चोरी केली नाहीं, पण मीं खोटी साक्ष दिली."

बंधूंनो, नववी आज्ञा न्यायालयांतील साक्षीपुरतीच नाहीं. ज्या सभेंत आपण बसलों नाहीं तिच्या हजेरीखालीं केलेली सही ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष आहे, मग ती चहाच्या पेल्याबरोबर घरच्या ओट्यावर कां केलेली असेना. तीच गोष्ट भगिनींच्या जागेविषयीं. २०११ सालापासून महाराष्ट्रांत पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखून आहेत. पुष्कळ ठिकाणीं बाई निवडून येते, आणि खुर्चीवर तिचा पति बसतो. बाईच्या हातीं केवळ सही येते. ख्रिस्ती घरांत तरी असें होऊं नये. ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा भरली पाहिजे, असें कायदाच सांगतो. पतीनें अशा दिवशीं चूल व लेंकरें सांभाळावीं व पत्नीस सभेस पाठवावें. त्यानें त्याचा मान कमी होत नाहीं.

तिसरी गोष्ट, राहून गेलेल्या नांवांची. ही आम्ही विशेषेंकरून आपल्या उपदेशकबंधूंस सांगतों, कारण घरोघर फिरण्याचें काम त्यांचें आहे. एखादी बहीण विधवा झाली, तर नमुना नंबर ८ च्या नोंदींत तिच्या घरावर कोणाचें नांव आहे, हें पाहा. मूल जन्मलें किंवा मनुष्य वारला, तर २१ दिवसांच्या आंत पंचायतींत नोंद झाली कीं नाहीं, हें विचारा. त्या कागदावांचून पुढें शाळेंत व कचेऱ्यांत गरिबास किती हेलपाटे पडतात, हें आपण पाहिलें आहे. सभेची नोटीस फळ्यावर लागली म्हणजे ती उपासनेनंतर वाचून दाखवा, कारण आपल्या म्हाताऱ्यांस अक्षर लागत नाहीं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नांतील शेंकडा १५ मागासवर्गीयांकरितां व शेंकडा १० स्त्रिया व बालकांकरितां खर्च व्हावयाचे असतात; ते कोठें खर्च झाले हें नम्रपणें विचारणें म्हणजे भांडण नव्हे.

तथापि येथें सावधगिरीचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्याची घरपट्टी तीन वर्षें थकली आहे, त्यानें गांवच्या दिव्यावरून ओरड करूं नये. आधीं आपली पावती घ्यावी, मग तोंड उघडावें. दुसरें असें कीं, निवडून आलेले ते सात आपल्याच विधवांचे झाले नाहींत. ते सर्वांचे झाले. आपला मनुष्य पंचायतींत गेला आणि त्यानें आपल्याच वस्तीचे नळ पाहिले, तर दुसऱ्या कोणाच्या विधवा राहून जातील, आणि जुन्या पापाचे केवळ धनी बदलतील. शेजारच्या वाड्यांतील ज्या म्हातारीनें आपल्या आजीस विहिरीवर येऊं दिलें नाहीं, तिच्या नातीच्या दारांतही पाणी पोंचावें, ह्यासाठीं आपल्या मनुष्यानें हात वर केला, तर ती सुवार्ता गांवास न सांगतां कळेल.

पाळकांनीं व उपदेशकांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, बारा प्रेषितांनीं वांटणी आपल्या हातीं घेतली नाहीं. त्यांनीं वचनाची सेवा व प्रार्थना सोडिली नाहीं. व्यासपीठावरून कोणास मत द्या हें सांगणें आपलें काम नव्हे; मत देणारा व मत घेणारा ह्या दोघांनींही देवास भ्यावें, हें सांगणें आपलें काम आहे.

शेवटीं त्या सातांचें पुढें काय झालें, तें पाहा. त्यांतील स्तेफन प्रभूच्या नांवाकरितां दगडमार सोसून मेला. तो मंडळीचा पहिला रक्तसाक्षी. फिलिप्प शोमरोनांत गेला, आणि पुढें वाटेंत रथांत बसलेल्या एका राणीच्या खजिनदारास त्यानें ख्रिस्त सांगितला. परंतु दोघांचाही आरंभ भाकरीच्या यादीपासून झाला. मरणाच्या वेळीं ज्यानें शत्रूंकरितां क्षमा मागितली, त्यास त्याआधीं परक्या विधवेच्या ताटाची आठवण होती. आणि वांटणीची ती तक्रार मिटल्यावर लगेच त्याच अध्यायांत वचनाचा प्रसार व शिष्यांची वाढ सांगितली आहे. ज्या मंडळीची यादी खरी, तिचा उपदेशही लोकांस खरा वाटतो.

म्हणून पुढील सभेची वर्दी आली म्हणजे जा. वही पुढें आली म्हणजे वाचा. वाचतां येत नसेल तर वाचून घ्या. आणि मगच सही करा. बसतांना एकच प्रश्न मनांत धरा: आज कोण राहून गेलें?

हे प्रभो, तूं चिमणीसही विसरत नाहींस. आमच्या गांवच्या सरपंचास, सदस्यांस व लिहिणारांस खरें तेंच लिहिण्याची बुद्धि दे. आमच्या हातून खोटी सही होऊं देऊं नको. ज्यांच्या वतीनें बोलणारें कोणी नाहीं, त्यांच्याकरितां आमचीं तोंडें उघड, आणि लहानशा कामांत आम्हांस विश्वासू ठेव. आमेन.