दाराशी ठेवलेली वही

येवल्यातल्या एका लहान वाचनालयाचे कार्यवाह नाना आणि ग्रंथपाल ताई. दोघंही काल्पनिक, पण त्यांचा वाद वाचनालय चालवणाऱ्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही. नानांनी नवी कोरी वही आणून पट्टीने रकाने आखले होते : नाव, पत्ता, मोबाइल, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय वाचलं.

नाना : आमचा मुलगा सांगतो, इंटरनेटवर साधं एक पान टाकलं तरी कुठल्या गावचा माणूस आला, कुठल्या फोनवरून आला, किती वेळ थांबला, सगळं घरबसल्या दिसतं. इथे माणसं डोळ्यांदेखत येऊन बसतात आणि आपल्याला पत्ता नाही.

ताई : पत्ता नाही कसा? सकाळी पेपराला कोण कोण येतं, मला तोंडपाठ आहे.

नाना : तुमच्या पाठांतरावर अनुदान मिळत नाही, ताई. १९६७चा ग्रंथालय कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गवारी आहे. ते पुस्तकं किती, सभासद किती, हेच विचारणार.

ताई : मग सभासद मोजा की. त्यांची वर्गणी, अनामत, सगळं लिहिलेलं आहे. पण बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लावून पेपर चाळायला येणारा काही सभासद नाही. त्याच्यापुढे वही सरकवली तर उद्यापासून तो टपरीवर पेपर वाचेल.

नाना : नाव सांगायला भ्यायचं कशाला? चोरी केलीय का त्याने?

ताई : त्याचं सोडा. मागच्या कपाटात घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक आहे, व्यसनमुक्तीवरची दोन आहेत. ती कुणी घरी नेत नाही. तिथेच उभ्याउभ्या वाचतात, कुणाची चाहूल लागली की मिटतात. ‘काय वाचलं’ या रकान्यात त्यांनी काय लिहायचं? आणि नाव गाळलं तरी भागत नाही, नाना. पुण्यात हजारात एक बाई कोण ते कळणार नाही. इथे ‘स्त्री, एक, संध्याकाळी’ एवढ्यावर गल्ली ओळखेल.

ताईंचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की आकडा कोरडा असतो, त्यात माणूस नसतो. मोठ्या गर्दीत ते खरंही आहे. पण माणसं थोडी असली की मोजणं आणि ओळखणं यात फारसं अंतर उरत नाही. अख्खा देश मोजणाऱ्या जनगणनेलाही ही काळजी घ्यावी लागली. १९४८च्या जनगणना कायद्याच्या १५व्या कलमानुसार त्या नोंदी कुणालाही तपासायला मागता येत नाहीत. आपल्या वाचनालयाच्या वहीला असलं कुठलं कुलूप? ती तर दाराशीच उघडी पडलेली, वर दोरीने बांधलेलं पेन!

नाना मात्र हार मानणाऱ्यातले नव्हते.

नाना : म्हणजे मोजूच नये? मग मला सांगा, संध्याकाळी किती बायका येतात? संक्रांतीचे तीन दिवस सोडा, तेव्हा अख्खं येवलं पतंग घेऊन गच्चीवर असतं. एरवीचं बोला.

ताई : (थांबून) कमीच.

नाना : कमी नाही, जवळपास नाहीतच. आपण उघडतो ती वेळ त्यांच्या स्वयंपाकाची. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी मोजलं नाही. जो मोजला जात नाही त्याला कुणी विचारत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी याच गावात धर्मांतराची घोषणा केली. परिषदेला सुमारे दहा हजार लोक होते, असं चरित्रांत आहे. त्या आकड्याला काहीच वजन नव्हतं?

ताई : होतं ना. पण तो आकडा होता, यादी नव्हती. मंडपाच्या दाराशी तुमची ही वही ठेवली असती, नाव-गाव-वेळ लिहून घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ती कोणी कोणी मागितली असती? दहा हजार म्हटलं की बळ सभेचं. दहा हजार नावं लिहिली की बळ वही ज्याच्या हातात असेल त्याचं.

नाना : आपली वही कोण मागायला येतंय!

ताई : अमेरिकेतल्या ग्रंथपालांनाही तसंच वाटत असेल. २००१च्या हल्ल्यानंतर तिथे कायदा आला आणि वाचकांच्या नोंदी मागायची सोय सरकारला झाली. काही वाचनालयांनी मग रोजचे कागद रोज फाडायला सुरुवात केली. फाडायची वेळ येऊ नये म्हणून आपण लिहूच नये, एवढंच म्हणते मी.

नाना : मग पुस्तकं कोणती घ्यायची ते कसं ठरवायचं?

ताई : ‘वाचलेलं पुस्तक टेबलावरच ठेवा’ अशी पाटी आहे ना आपली? रात्री कपाटात लावताना मी पुस्तकं मोजते, माणसं नाही. पण त्याच आकड्यावर सगळी खरेदी करू नका, नाहीतर स्पर्धा परीक्षांच्या गाइडांनीच कपाटं भरतील.

शेवटी ठरलं ते असं. टेबलाच्या खणात एक कागद, येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ, चार रेघांवर पाचवी आडवी. बायका, पुरुष, मुलं यांची बेरीज महिन्याची, दिवसाची नाही. बेरीज समितीकडे गेली की कागद फाडायचा. दुपारी दोन ते चार वाचनालय उघडं ठेवायचं, हे नानांचं म्हणणं ताईंनी विनातक्रार मान्य केलं, आणि माझ्या मते या वादातली नानांची कमाई तीच. बाकी मी ताईंच्या बाजूचा.

तुमच्या गावच्या वाचनालयात दाराशी अशी वही असेल, तर मोबाइल नंबरचा रकाना कशासाठी आहे आणि भरलेली वही पुढे कुठे जाते, एवढं एकदा विचारून बघा.